ग्रंथालय घरात येईल. पण मालकी कोणाची?

(पेठ, जि. नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सार्वजनिक ग्रंथालय म्हटले की चार कपाटे, एक लांब बाक, त्यावर पसरलेली वर्तमानपत्रे आणि संध्याकाळी दोन-तीन तास उघडणारे दार एवढेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. जगाच्या काही भागांत हे चित्र गेल्या वीस वर्षांत पार बदलले आहे. अमेरिकेत स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब तेथील नगर-ग्रंथालयाचे कार्ड एकदा काढते आणि मग घरात बसून, पदरचा पैसाही न खर्चता, फोनवर पुस्तक वाचते, ध्वनिपुस्तक ऐकते, चित्रपट पाहते. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जाते. दंड नाही की खेप नाही. ‘लिबी’, ‘हूपला’, ‘कॅनोपी’ ही त्या सेवांची नावे. त्यांचा खर्च ग्रंथालय करते, आणि ग्रंथालय चालते प्रामुख्याने लोकांनी भरलेल्या करावर.

आता या पेठ तालुक्याकडे पाहा. नाशिकहून सुमारे ५५ किलोमीटर, वाटेत सावळघाट आणि कोटंबीचा घाट. कोकणा, महादेव कोळी, वारली समाजांची वस्ती. पावसाळ्यात नागली, वरई आणि भात. दिवाळी सरली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे मजुरीची वाट. या मुलखातही फोन पोचला आहे. ग्रंथालय मात्र बहुतेक पाड्यांवर पोचलेले नाही. पिढ्यान्पिढ्या असा क्रम समजला जात होता की आधी शाळा, मग वाचनालय, आणि त्यानंतर यंत्रे. येथे यंत्र आधी आले. त्या यंत्रातून घरात काय यावे हे मात्र बाजार ठरवीत आहे.

म्हणून आजचा प्रश्न यंत्राचा नाही. तो मालकीचा आणि हक्काचा आहे. ग्रंथालय घरपोच झालेच पाहिजे. परंतु ते भाड्याने आणलेले असू नये. ते सार्वजनिक मालकीचे असावे, आणि त्याच्या पाठीशी गावातले हाडामांसाचे ग्रंथालय उभे असावे. या दोन अटी सुटल्या तर ‘फुकट सेवा’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

फुकट सेवेमागचा करार

कागदी पुस्तकाचा व्यवहार सरळ असतो. ग्रंथालयाने प्रत विकत घेतली की ती त्याच्या मालकीची झाली. ती किती जणांना द्यावी, किती वर्षे ठेवावी, फाटली तर बांधून घ्यावी की नाही, हे ग्रंथालय ठरविते. प्रकाशकाचा संबंध विक्रीबरोबर संपतो. सार्वजनिक ग्रंथालयाची सारी इमारत या एका गोष्टीवर उभी आहे.

डिजिटल पुस्तकाच्या बाबतीत ही गोष्टच काढून घेण्यात आली. मोठे प्रकाशक तेथे ग्रंथालयाला पुस्तक विकत नाहीत, परवाना देतात. ‘हार्पर कॉलिन्स’ या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये अट घातली की एक डिजिटल प्रत २६ वेळा वाचकांना दिली की परवाना संपला. पुन्हा पैसे मोजा. ‘मॅकमिलन’ने २०१९ मध्ये ठरविले की नव्या पुस्तकाची पहिल्या आठ आठवड्यांत एका ग्रंथालय-व्यवस्थेला एकच प्रत मिळेल, मग ती व्यवस्था लाखो वाचकांची का असेना. ग्रंथालयांनी विरोध केला आणि मार्च २०२० मध्ये ती अट मागे घ्यावी लागली. ‘कॅनोपी’ची गोष्टही अशीच. प्रत्येक चित्रपट पाहिला गेला की ग्रंथालयाच्या खात्यावर आकार पडत असे. लोक जितके अधिक पाहतील तितका ग्रंथालयावरचा बोजा अधिक. अखेर जुलै २०१९ पासून न्यूयॉर्क शहरातील तिन्ही सार्वजनिक ग्रंथालय-व्यवस्थांनी ती सेवा बंद केली. वाचक वाढणे हे ज्या संस्थेचे यश, त्याच यशाने तिचे दिवाळे निघावे अशी ही रचना आहे.

या साखळीच्या वरच्या टोकाला कोण आहे तेही पाहिले पाहिजे. ग्रंथालयांना डिजिटल पुस्तके पुरविणारी ‘ओव्हरड्राइव्ह’ ही अग्रगण्य कंपनी २०२० मध्ये ‘केकेआर’ या खाजगी भांडवल गुंतवणाऱ्या कंपनीने घेतली. आणि २०२३ मध्ये याच कंपनीने ‘सायमन अँड शुस्टर’ ही मोठी प्रकाशनसंस्थाही विकत घेतली. पुस्तक छापणारा आणि ते ग्रंथालयात पोचविणारा या दोघांवर एकाच भांडवलाचा हात आला. करदात्याचा पैसा ग्रंथालयातून वाहतो आणि शेवटी या तिजोरीत पडतो. ग्रंथालयाच्या कपाटात मात्र स्वतःचे असे काही उरत नाही.

‘इंटरनेट आर्काइव्ह’ या विनानफा संस्थेने यावर एक तोड काढली होती. स्वतःजवळच्या कागदी प्रतीची संगणकीय प्रत करायची आणि जितक्या कागदी प्रती तितक्याच वाचकांना ती एका वेळी द्यायची, अशी ती पद्धत होती. टाळेबंदीच्या काळात संस्थेने ही मर्यादा काही आठवडे शिथिल केली आणि जून २०२० मध्ये चार बड्या प्रकाशकांनी दावा लावला. न्यायालयाने मात्र मूळ पद्धतीलाच कायद्याचा भंग ठरविले. सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम झाला. लाखो पुस्तके वाचकांसमोरून काढून घ्यावी लागली.

अमेरिकेतील ही हकीकत पेठमध्ये सांगण्याचे कारण असे की उद्या आपल्याकडे ‘घरबसल्या ग्रंथालय’ येईल तेव्हा ते याच साच्यातून येण्याचा धोका आहे. मराठी ई-पुस्तके आणि ध्वनिपुस्तके आज खाजगी कंपन्यांकडे विक्रीने किंवा मासिक वर्गणीने मिळतात. ज्याच्याजवळ पैसे आहेत तो ऐकतो. द्राक्षबागेत मजुरी करणारा ऐकत नाही. राज्यातील ग्रंथालयांनी असे परवाने घाऊक घ्यावेत अशी सूचना कोणी केली तर ती आकर्षक वाटेल. पण करारात मालकी कोणाची, मुदत किती आणि दर कोण ठरविणार, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत.

जे आधीच लोकांचे आहे

परवान्याच्या या बाजाराबाहेर एक फार मोठी संपत्ती पडून आहे. ती आजच जनतेच्या मालकीची आहे आणि फोनवर विनामूल्य मिळते. कार्यकर्त्यांनाही तिची पुरेशी माहिती नसते, म्हणून ती थोडी तपशिलाने सांगणे आवश्यक आहे.

पहिला साठा सरकारी पैशातून निर्माण झालेल्या ज्ञानाचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. हा सारा विश्वकोश आज संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके पूर्ण स्वरूपात उतरवून घेता येतात. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जून २०१८ मध्ये देशाला खुले झाले. त्यात नाव नोंदविण्यास शुल्क नाही. दृष्टिहीनांसाठी २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ आहे. ‘स्वयंप्रभा’च्या शैक्षणिक वाहिन्यांना तर इंटरनेटही लागत नाही, छपरावरच्या तबकडीवरून त्या दिसतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने ‘वेव्ह्ज’ नावाची स्वतःची स्ट्रीमिंग सेवा सुरू केली.

दुसरा साठा स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या साहित्याचा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. जोतीराव फुले १८९० मध्ये वारले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये, साने गुरुजी १९५० मध्ये. तिघांचेही लेखन आता लोकांचे आहे. ‘श्यामची आई’ गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्यावरचा आचार्य अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. चित्रपटाच्या स्वामित्वाची मुदत प्रदर्शनानंतर ६० वर्षांची असल्यामुळे तोही २०१४ च्या प्रारंभापासून मुक्त झाला. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ त्याच्याही आधी. दादासाहेब फाळके पेठच्या शेजारच्या त्र्यंबकेश्वरचे. त्यांच्या काळातील जे काही चित्रपट अंशतः का होईना वाचले आहेत, तेही कायद्याने कोणा एकाचे नाहीत.

म्हणजे नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले पुस्तक आणि त्यावरचा चित्रपट, दोन्ही जनतेची मालमत्ता. तरी ते पेठच्या एखाद्या पाड्यावर पाहायचे तर मध्ये जाहिराती येतात. कोणी तरी खाजगी व्यासपीठावर ते टाकलेले असतात आणि मिळकत कंपनीला होते. सार्वजनिक मालमत्ता लोकांच्या हातात देणारी सार्वजनिक संस्था मध्ये उभी नसेल, तर ती मालमत्ताही बाजाराच्याच वाटेने घरात येते.

पेठमध्ये ते का पोचत नाही

अडथळा केवळ तंत्राचा असता तर मनोरे उभारून तो सुटला असता. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंच्या जाळ्याने जोडण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्येच मंजूर केली. पुढे तिचे नाव ‘भारतनेट’ झाले. तार पंचायतीच्या कचेरीपर्यंत येणे आणि पुस्तक घरापर्यंत येणे यांत मोठे अंतर आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील केवळ १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली आणि ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक.

त्यानंतर चित्र पालटले. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. परंतु त्याच अहवालात पुढचे वाक्य अधिक बोलके आहे. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शिक्षणासाठी फोन वापरणारी मुले ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. आणि फोन वापरता येणाऱ्या याच १४ ते १६ वयोगटातील मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ३६ टक्के, मुली २७ टक्के. घरात फोन एक, तो बापाच्या किंवा भावाच्या खिशात. तो मजुरीला गेला की ग्रंथालयही त्याच्याबरोबर गावाबाहेर गेले. ‘घरबसल्या’ या शब्दात घरातील कोणाला बसायला मिळते, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याने विसरता कामा नये.

दुसरा अडथळा वाट दाखविणाऱ्या माणसाच्या अभावाचा. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात साहित्य अमाप आहे, पण नववीतल्या कोकणा मुलीला नेमके काय शोधावे, कोणता शब्द लिहावा, कोणते पुस्तक आपल्याला पेलेल, हे कोण सांगणार? डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असा आग्रह आहे. ही गाठ घालून देणाऱ्यालाच ग्रंथपाल म्हणतात. यंत्राची निवड नफ्यावर चालते. ते वाचकाला अधिक काळ खिळवून ठेवील तेच पुढे करते. ग्रंथपालाला तसा स्वार्थ नसतो.

तिसरा अडथळा भाषेचा. घरात बोलली जाणारी कोकणा, शाळेतली प्रमाण मराठी आणि बहुतेक डिजिटल साठ्यांची इंग्रजी, अशा तीन पायऱ्या या मुलखातील मुलाला चढाव्या लागतात. थाळीच्या नादावर सांगितली जाणारी कणसरीची कथा, बोहाड्यातील सोंगे, पावरीचे सूर हे या भागाचे ग्रंथच आहेत. ते छापलेले नाहीत इतकेच. त्यांचे चित्रण आज कोणी तरी येऊन करतो आणि आपल्या खात्यावर टाकतो. सांगणाऱ्या भगताला त्याचा पत्ताही नसतो. ग्रंथालय घरात आणायचे तर घरातले ज्ञान ग्रंथालयात नेण्याची वाटही असली पाहिजे, आणि त्या वाटेवर परवानगी व मालकी गावाची असली पाहिजे.

कायदा आणि पैसा

ग्रंथालय लोकांच्या दारी नेण्याची कल्पना या जिल्ह्याला परकी नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मधले. बडोद्याचे सयाजीराव महाराज जन्माने याच जिल्ह्यातील कवळाण्याचे. त्यांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाच्या तज्ज्ञाला बोलावून गावोगाव ग्रंथालयांचे जाळे विणले. पुस्तकांच्या पेट्या खेड्याखेड्यांतून फिरू लागल्या. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कहून वृत्तपत्राला पत्र लिहून सुचविले की सर फिरोजशहा मेहतांचे स्मारक पुतळ्याऐवजी सार्वजनिक ग्रंथालयाच्या रूपाने व्हावे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना अलीकडची. तिच्या पेट्या तुरुंगांत गेल्या आणि दुबईतील मराठी घरांतही पोचल्या. डिजिटल सेवा ही याच पेटीची पुढची आवृत्ती आहे. पेटी बदलली, पण ती कोणी भरायची आणि खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न तोच राहिला.

आपल्या राज्यात त्याचे उत्तर कायद्याने अर्धवट दिले. मुंबई सरकारच्या फैजी समितीने १९४० मध्ये ग्रंथालयांच्या जाळ्याची योजना मांडली होती. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला, मद्रास प्रांताने १९४८ मध्ये. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. मद्रासच्या कायद्यात ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर होता. महाराष्ट्राने तो ठेवला नाही आणि ग्रंथालये स्वयंसेवी मंडळांच्या हाती देऊन त्यांना अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली. या पद्धतीमुळे हजारो ग्रंथालये जगली हे मान्य केले पाहिजे. पण ज्या गावात मध्यमवर्ग नाही, निवृत्त शिक्षक नाही, वर्गणी देणारा व्यापारी नाही, तेथे मंडळ स्थापन होत नाही आणि म्हणून अनुदानही येत नाही. अनुदान तेथेच जाते जेथे आधी काही तरी आहे. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांच्या वाट्याला या रचनेत रितेपण आले ते कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. कायद्याच्या बांधणीतच ते होते.

आणि अनुदान तरी किती? २०२२ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने त्यात ६० टक्के वाढ केली, तेव्हा ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक ३० हजारांचे ४८ हजार झाले. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, विजेचे बिल आणि ग्रंथपालाचे मानधन. दुसरीकडे २०१२ च्या पडताळणीनंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देण्याचे काम वर्षानुवर्षे थांबले. शिवाय नावाने सार्वजनिक असलेल्या आपल्या बहुतेक ग्रंथालयांत पुस्तक घरी न्यायचे तर अनामत आणि वर्गणी भरावी लागते. युनेस्कोचा ग्रंथालयविषयक जाहीरनामा सांगतो की सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः विनामूल्य असावे. ज्या राज्यात कागदी पुस्तकही अद्याप विनामूल्य झालेले नाही, तेथे डिजिटल सेवा आपोआप विनामूल्य होईल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

पैसा नाही, हे उत्तर मात्र पटणारे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके. लाभ सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना आणि संशोधनसंस्थांना. संशोधकाला नियतकालिक मिळाले हे चांगलेच झाले. परंतु एवढ्या रकमेचा सौदा करताना गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा विचार झाला नाही, आणि पैसा गेला तो भाड्यापोटी. केरळने वेगळी वाट दाखविली. १९८९ च्या कायद्याने तेथे स्थानिक कराबरोबर ग्रंथालयासाठी अधिभार घेतला जातो. २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला, आणि २०२३ मध्ये राज्याने स्वतःच्या मालकीचे प्रकाशतंतूंचे जाळे सुरू करून गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे धोरण स्वीकारले.

कायदाही लोकांच्या बाजूने वळविता येतो. २०१२ च्या दुरुस्तीने दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके वाचनीय स्वरूपात करून देण्यास स्वामित्वहक्काची आडकाठी राहिली नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानावर परदेशी प्रकाशकांनी लावलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये फेटाळला. शिक्षणासाठी घेतलेल्या प्रतींना कायद्याचे संरक्षण आहे असे ठरले. २०१२ च्या त्याच दुरुस्तीने ग्रंथालयाला आपल्याजवळच्या पुस्तकाची संगणकीय प्रत जतनासाठी ठेवण्याची मुभा दिली. जतनासाठी ठेवलेली ती प्रत एका वेळी एका वाचकाला घरी देण्याची मुभा मिळविणे ही या वाटेवरची पुढची पायरी होय, आणि ती संसदेत लढूनच मिळेल.

दोन आक्षेप

येथे दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की ज्या तालुक्यात उन्हाळ्यात बायाबापड्यांना पाण्यासाठी दरी उतरावी लागते, तेथे डिजिटल ग्रंथालयाची भाषा ही चैन नव्हे काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण अपुरा आहे. पाण्याची योजना कोणत्या वर्षी मंजूर झाली, पैसा किती आला, वनहक्काचा दावा का फेटाळला गेला, रोजगार हमीची मजुरी किती दिवसांत मिळाली पाहिजे, ही सारी माहिती आता संकेतस्थळांवर असते. जो वाचू शकतो, शोधू शकतो, तो ती मागतो. ज्याला ते जमत नाही तो दलालाकडे जातो. पाण्याची लढाई आणि वाचनाची लढाई या दोन नाहीत.

दुसरा आक्षेप असा की फोनने मुले बिघडली, आता ग्रंथालयही फोनवर नेऊन उरलेली कपाटे बंद पाडायची का? या भीतीत तथ्य आहे. डिजिटल सेवेचे निमित्त करून ग्रंथालयाची खोली बंद करणे, ग्रंथपालाची जागा न भरणे, हा काटकसरीचा मार्ग कोणत्याही सरकारला मोह घालील. म्हणूनच आपली मागणी खोलीसह, ग्रंथपालासह आणि कागदी पुस्तकांसह असली पाहिजे. मुलाच्या हातातला फोन कोणी काढून घेऊ शकणार नाही. त्या फोनमध्ये कंपनीने पाठविलेल्या गोष्टींच्या शेजारी गावाने निवडलेले पुस्तक ठेवणे मात्र शक्य आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

सरकारकडे मागण्या आहेतच: ग्रंथालय कायद्यात दुरुस्ती करून आदिवासी तालुक्यांत स्वयंसेवी मंडळाची वाट न पाहता शासनानेच ग्रंथालय चालवावे, ग्रंथपालाला किमान वेतन मिळावे, पुस्तक घरी नेण्यास वर्गणी नसावी, सार्वजनिक पैशाने तयार झालेले प्रत्येक पुस्तक आणि चित्रफीत विनाअट खुली असावी, आणि डिजिटल पुस्तके घ्यायची तर ती मालकीहक्काने घ्यावीत, मुदतीच्या परवान्याने नव्हे.

परंतु मागण्यांच्या पूर्तीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पेठ तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि येथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना अबंध स्वरूपात देण्याची योजना राज्याने २०१५ मध्ये केली. तो कसा खर्चावा हे ग्रामसभा ठरविते आणि शिक्षण हा त्यातील एक विषय आहे. वाचनालयाची खोली, एक संगणक, मोठ्या क्षमतेची डिस्क आणि सौर दिवा यांचा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. तो मांडण्यासाठी मुंबईची परवानगी लागत नाही.

नेटवर्क नाही ही अडचणही दिसते तितकी मोठी नाही. स्ट्रीमिंगला सतत जोडणी लागते. उतरवून घेतलेल्या पुस्तकाला लागत नाही. मुक्त झालेली आणि शासनाने खुली केलेली पुस्तके तालुक्याच्या गावी एकदा उतरवून घ्यावीत, त्यांची मराठीत यादी करावी, आणि बाजाराच्या दिवशी येणाऱ्याच्या फोनमध्ये ती भरून द्यावीत. तेथून ती एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये, मनोऱ्याच्या मदतीशिवाय, पाड्यापर्यंत जातील. ज्या घरात फोन नाही किंवा जो आहे तो स्थलांतरात गेला आहे, त्या घरातील मुलींसाठी खोलीवरचा संगणक संध्याकाळी राखून ठेवावा. आठवड्यातून एकदा पडद्यावर चित्रपट दाखवावा आणि नंतर त्यावर बोलावे. म्हाताऱ्या माणसांच्या कथा आणि गाणी त्यांच्या आणि ग्रामसभेच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून त्याच डिस्कवर ठेवावीत. या कामाला मोठे भांडवल लागत नाही. दर आठवड्याला न चुकता येणारी दोन माणसे लागतात.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. ज्या पुस्तकाचा हक्क कोणाचा आहे हे स्पष्ट नाही, ते भरून देऊ नये. हयात मराठी लेखक आणि छोटा प्रकाशक हेही श्रमिकच आहेत; त्यांची पुस्तके ग्रंथालयाने विकत घ्यावीत. लेखकाच्या मेहनतान्यावर डल्ला मारून वाचकाचा हक्क सिद्ध होत नाही.

मित्रहो, ग्रंथालयाची चळवळ आपल्या देशात नेहमी कोणाच्या तरी पायपिटीवर उभी राहिली. पुस्तकांची पेटी डोक्यावरून गेली, बैलगाडीतून गेली, पुढे मोटारीतून गेली. आता ती बोटभर डिस्कमध्ये मावते आणि घाट चढताना तिचे ओझे वाटत नाही. ती पाड्यावर कोणाच्या नावाने पोचते, कंपनीच्या की ग्रामसभेच्या, हे ठरविण्याची वेळ अद्याप गेलेली नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर वाचनालयाचा ठराव नोंदविणे, हे त्यातील पहिले काम होय.